मागच्या पानावरचा चौकोन

शंकेखोर : भाऊसाहेब, शाळेच्या कारकुनीतून निवृत्त झाल्यापासून परदेशी निघालेल्या पोरापोरींना तुम्ही एकच सांगता. एजंट धरू नका, व्हिसाचे कागद स्वतः प्रमाणित करून घ्या, खर्च फार येत नाही. माझ्या भाचीनं तुमचं ऐकलं नाही, हे मान्य. नर्सिंग झालेली पोर, जर्मनीला निघालेली. एजंटानं जन्माचा दाखला, पदवी, गुणपत्रकं, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असे सहा कागद नेले, एकेकाच्या पाठीवर अपोस्टिल चिकटवून आणलं आणि कागदागणिक हजारांच्या हिशेबानं पैसे घेतले. मग तिकडून निरोप आला की या शिक्क्याचा आम्हाला उपयोग नाही. पण मला आज एजंटाबद्दल बोलायचं नाही, तुमच्या रस्त्याबद्दल बोलायचंय. तुम्ही दाखवता तो स्वस्त रस्ता खरंच आहे का? की तो फक्त ज्याला इंग्रजी वेबसाइट वाचता येते, मुंबईत मुक्कामाला कुणी नातेवाईक आहे आणि चार दिवस खाडे झाले तरी ज्याची चूल पेटते, त्याच्यासाठी आहे? अपोस्टिलची सरकारी फी पन्नास रुपये, हे तुम्ही सगळ्यांना सांगता. त्या पन्नास रुपयांपर्यंत पोचायला किती लागतात, ते कधी सांगत नाही.

खटपटी : बाई, आधी भाचीच्या सहा कागदांचं बोलू, कारण सगळं दुखणं त्यातच आहे. ५ ऑक्टोबर १९६१ ला हेगमध्ये एक करार झाला. त्याआधी एका देशाचा कागद दुसऱ्या देशात दाखवायचा तर खालपासून वरपर्यंत शिक्के घेत जायचं आणि शेवटी त्या देशाच्या दूतावासाचा शिक्का घ्यायचा. करारानं ठरवलं की कागद ज्या देशाचा, त्यानंच एक चौकोनी दाखला, म्हणजे हे अपोस्टिल, कागदाला लावावं, आणि करारातल्या बाकी देशांनी ते मानावं. दूतावासाची पायरी गेली. भारताला हा करार १४ जुलै २००५ पासून लागू झाला. पण त्यात एक कलम आहे. नवा देश करारात येताना जुना सदस्य हरकत घेऊ शकतो, आणि मग त्या दोघांपुरता करार लागू होत नाही. जर्मनीनं भारताच्या बाबतीत ती हरकत घेतली. म्हणून आपलं अपोस्टिल जर्मनीत चालत नाही. तिथल्या कार्यालयाला कागदाची खात्री हवी असेल तर ते जर्मन दूतावासामार्फत इथं पडताळणी करून घेतात. शिकायला जाणाऱ्यांसाठी तर १ नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस नावाचं वेगळं प्रमाणपत्र सक्तीचं झालं, त्याची फी अठरा हजार. आता बघा, भाचीनं सहा कागदांना सरकारी दरानं तीनशेच रुपये घातले असते, तरी ते पाण्यातच गेले असते. म्हणून मी म्हणतो, स्वस्तात काम होणं म्हणजे शिक्का कमी पैशांत मिळणं नव्हे. जो शिक्का कुणी मागितलेलाच नाही तो न घेणं, ही पहिली बचत. पोरगा माझ्याकडे आला की मी कागद बघतच नाही. आधी विचारतो, हा कागद वाचणार कोण? दुबईचा मालक? मग अमिरात त्या करारात नाही, कतार नाही, कुवेत नाही. तिथं आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा साधा शिक्का आणि त्यावर त्यांच्या दूतावासाचा. सौदीचा असेल तर ७ डिसेंबर २०२२ पासून आणि कॅनडाचा असेल तर ११ जानेवारी २०२४ पासून ते करारात आहेत, तिथं दूतावासाचे पैसे मागणाऱ्याला विचारायचं की कशाचे मागता. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याला मराठी कागद द्यायचा असेल तर त्यांना इंग्रजी भाषांतर हवं असतं आणि भाषांतर करणाऱ्यानं खाली सही करून लिहायचं असतं, की मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण आणि बिनचूक आहे. त्याला नोटरीसुद्धा लागत नाही.

शंकेखोर : तुम्ही हे एका दमात सांगितलंत, आणि मला तेच खुपतं. ही माहिती नगर जिल्ह्यात कोणत्या खिडकीवर मिळते? फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्यानं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्गशी करार केला, दहा हजार कुशल तरुण पाठवायचे म्हणून. वर्तमानपत्रात फोटो आले. त्यातल्या एखाद्या पोराला जन्माच्या दाखल्यावर नेमका काय शिक्का लागतो, हे जामखेडच्या नाहीतर पाथर्डीच्या तहसीलात विचारून बघा. दोष त्या कारकुनाचा नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. मग सांगतो कोण? एजंट. त्याचं भांडवल शिक्का नाही, त्याचं भांडवल म्हणजे आपल्याला माहीत नसणं. आणि माहीत झालं तरी अंतर कुठं जातं? क्षेत्रफळानं राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा, चौदा तालुके. अकोले तालुक्यात राजूरच्या पुढं, कळसूबाईच्या कुशीत राहणाऱ्याला नगर हेच परगाव. त्याचा मूळ दाखला ग्रामपंचायतीत, पदवी पुणे विद्यापीठाची, राज्याचा शिक्का मुंबईत, परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्काही मुंबईत. आधी ती सोय मोजक्याच ठिकाणी होती, २०१९ पासून पंधरा शहरांत सोय झाली, पण महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातलं एकच शहर आलं. एसटीचं जाणंयेणं, रात्रीचा मुक्काम, दोन दिवसांचा रोज, आणि खिडकीवर गेल्यावर एक झेरॉक्स कमी म्हणून तिसरा दिवस. हे सगळं मांडा आणि मग सांगा, एजंट महाग की तुमचे पन्नास रुपये महाग. मी शाळेत पोरांना हिशेब शिकवते. हा हिशेब माझ्या पाचवीच्या मुलालाही चुकणार नाही.

खटपटी : हिशेब बरोबर आहे, पण तुम्ही एका माणसाचा मांडलात. मी एका माणसाचा मांडत नाही. गेल्या साली पाच जणांचे कागद एका माणसाबरोबर पाठवले, प्रत्येकाचं अधिकारपत्र आणि ओळखपत्राची झेरॉक्स जोडून. एसटीचं भाडं पाच ठिकाणी वाटलं गेलं. आणि हेलपाटे होतात ते बहुतेक निघण्याआधीच्या चुकांमुळे. एक चूक तर आपल्या घराघरांत आहे, ती सांगतो. मागच्या उन्हाळ्यात एक पोरगा पदवी घेऊन आला. बापानं मोठ्या कौतुकानं ती लॅमिनेट करून घेतलेली, कडा अगदी गुळगुळीत, मधे विद्यापीठाची मोहोर चमकतेय. मी म्हटलं, बाबा, याच्या पाठीवर सही कुठं करणार, शिक्का कशावर उठणार? प्लास्टिकवर शाई धरत नाही. झेरॉक्सवाल्याकडे गेलो. त्यानं वर कापड टाकून कोमट इस्त्री फिरवली आणि एका कोपऱ्यातून नखानं प्लास्टिक उचलायला सुरुवात केली. बाप शेजारी उभा. वरचा थर सुटला, खालचा थर कागदाला धरून बसला, आणि कुलगुरूंच्या सहीच्या बाजूनं कागदाचा पापुद्राच निघून आला. सही अर्धी राहिली. तो बाप काही बोलला नाही, त्यानं तो पापुद्रा उचलून खिशात ठेवला. मग दुसरी प्रत काढायला विद्यापीठात अर्ज, फी, कित्येक आठवडे. तो खर्च ना सरकारनं केला ना एजंटानं. कुणीतरी त्या घरात आधी एक वाक्य सांगायला हवं होतं, की मूळ कागदावर प्लास्टिक चढवू नका. म्हणून मी गावोगाव आधी तेच सांगतो. पुढचंही साधंच आहे. जन्माचा जुना हातानं लिहिलेला उतारा असेल तर नवा, मराठी-इंग्रजी दोन्हीतला, संगणकावरचा दाखला काढून घ्या, भाषांतराचे पैसे वाचतात. नोटरीकडे गेलात तर दरफलक बघा. नोटरींची फी १९५६ च्या नियमांनी ठरवून दिलेली आहे आणि दर दिसेल असा लावायचा हेही त्याच नियमांत आहे. आणि जिथं नुसत्या झेरॉक्सवर सही पुरते तिथं नोटरी नकोच. पूर्वी आपण राजपत्रित अधिकाऱ्याच्या, नाहीतर विशेष कार्यकारी अधिकाऱ्याच्या घरी सकाळी सकाळी ट्रू कॉपीच्या सहीसाठी उभे राहायचो, आठवतं? मार्च २०१५ मध्ये राज्यानं स्वयंसाक्षांकन सुरू केलं. आपल्या झेरॉक्सवर आपणच सही करायची. सरकारनं लाखो लोकांना एका निर्णयानं त्या दारातून मोकळं केलं. हे झालं ना? मग पुढचंही होईल.

शंकेखोर : स्वयंसाक्षांकनाची तुम्ही बरी आठवण करून दिलीत, कारण माझी खरी शंका तिथूनच सुरू होते. आपल्या सरकारनं मानलं की माणसाची स्वतःची सही पुरते, खोटं निघालं तर कारवाई करू. म्हणजे त्या अधिकाऱ्याच्या सहीनं कागद खरा होत नव्हता, हे सरकारनंच कबूल केलं. मग अपोस्टिलनं काय खरं होतं? भाचीच्या पदवीच्या मागचा तो चौकोन मी चष्मा लावून वाचला. दहा ओळी आहेत, आकडे घालून. देश कोणता, सही कोणाची, तो कोणत्या पदावर, मोहोर कोणाची, मग ठिकाण, तारीख, दाखला देणारा कोण, क्रमांक, शिक्का, सही. माझ्या भाचीचं शिक्षण झालं की नाही, याबद्दल त्यात एक अक्षर नाही. तो चौकोन एवढंच सांगतो की खालची सही ज्याची आहे असं म्हटलंय त्याचीच आहे. आणि ती खालची सही सांगते, त्याच्या खालची सही बरोबर आहे. असं करत करत तळाला गेलं की एक नोंदवही येते, आणि ती नोंद बरोबर आहे का, हे या सगळ्या साखळीत कुणीच विचारलेलं नसतं. बनावट कागदालाही आधीच्या पायरीची खरी सही मिळाली तर तो वर चढत जातो. आणि खरा कागद, ज्यात नुसतं नावाचं स्पेलिंग वेगळं आहे, तो अडतो. ज्ञानदेवचं स्पेलिंग एका ठिकाणी डी-एन-वाय, एका ठिकाणी जी-वाय. बायकांचं तर विचारूच नका. माहेरचं नाव पदवीवर, सासरचं आधारवर, पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मधे. मग एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र करा. शंभराचा स्टॅम्प पेपर ऑक्टोबर २०२४ मध्ये गेला, आता त्यालाही पाचशेचा. आणि आपल्या जिल्ह्यात त्याच महिन्यात आणखी एक झालं. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. ज्यांची जयंती आपण चोंडीला करतो त्या माउलीचं नाव जिल्ह्याला मिळालं, माझ्या मनात आदरच आहे. पण पोराच्या पासपोर्टवर जन्मठिकाण अहमदनगर, आणि आज काढलेल्या दाखल्यावर अहिल्यानगर, हे परक्या देशातल्या कारकुनाला कोण समजावणार?

खटपटी : नावाच्या बदलाचं मी लोकांना शांतपणे सांगतो. जुना कागद जुन्या नावानंच खरा आहे, तो बदलायला धावू नका. नव्या दाखल्यावर नवं नाव येईल, सोबत नामांतराच्या अधिसूचनेची प्रत जोडा. पुण्याच्या विद्यापीठाला २०१४ मध्ये सावित्रीबाईंचं नाव मिळालं, त्याआधीच्या पदव्या काही रद्द झाल्या नाहीत. जगात शहरांची, विद्यापीठांची नावं बदलतात, तिकडच्या अधिकाऱ्यांनाही ते ठाऊक असतं. पण साखळीबद्दल तुम्ही जे बोललात त्याचं उत्तर मला नीट द्यायचंय. तुम्हाला तो चौकोन कमी बोलतो म्हणून राग येतो. मला तो कमी बोलतो म्हणूनच पटतो. मुंबईतल्या टेबलावरच्या माणसानं जामखेडच्या जन्माची खात्री कशी द्यायची? त्यानं तसं म्हटलं तर तोच खोटं बोलेल. तो म्हणतो, या सहीचा नमुना माझ्याकडे आहे आणि तो जुळतो. त्याला जेवढं माहीत तेवढंच तो सांगतो. खरंखोटं ठरतं तळाला, नोंदवहीत. आणि बाई, ती नोंदवही तीसएक वर्षं माझ्या हातात होती. संस्थेच्या शाळेत पहिलीपासून वर्ग होते, जनरल रजिस्टर मी लिहायचो. आई पोराला घेऊन यायची. जन्म कधीचा? दुष्काळ सरल्यावर, पोळ्याच्या आसपास. ग्रामपंचायतीत नोंद केली का? माहीत नाही. मग मी लिहायचो १ जून. जूनमध्ये शाळा सुरू, सहा वर्षं पूर्ण भरतात, कुणाचं नुकसान नाही. अख्ख्या वर्गाचा वाढदिवस एकाच दिवशी. मला तेव्हा ते मदत केल्यासारखं वाटायचं. आज त्यातले कितीतरी पन्नाशीला आले आहेत. मुलगा कॅनडाला आहे, नात झालीय, बघायला जायचंय. ग्रामपंचायतीत शोधलं तर खरी नोंद सापडते, ऑगस्टची. शाळेच्या दाखल्यावर १ जून, आधारवर १ जून, जन्मनोंदीत ऑगस्ट. तो माणूस माझ्या ओट्यावर बसतो आणि मला विचारतो, भाऊसाहेब, माझी खरी तारीख कोणती? ती १ जून माझ्या हातची आहे. त्याच्या कागदांसाठी मी मुंबईपर्यंत का धावतो, ते तुम्हाला यातून कळेल.

शंकेखोर : भाऊसाहेब, हे तुम्ही बोललात याचं मला मोल आहे. पण तुमच्याच बोलण्यातून माझा मुद्दा पुढं जातो. चूक लिहिली शाळेनं, नोंद शोधली नाही ती कुणी, आणि भुर्दंड कोणाला? ज्याला तेव्हा काही कळतही नव्हतं त्याला. दाखल्यात दुरुस्ती करायची म्हटलं तर शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी, पुरावे, पुन्हा हेलपाटे. जन्माची नोंदच नसेल तर त्याहून वाईट. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. वाडीवस्तीवरची, ऊसतोडीला गेलेल्या घरातली बाळंतपणं त्यानंतरही कितीतरी वर्षं कुठल्याच वहीत आली नाहीत. पाथर्डी-शेवगावकडची बाई कारखान्याच्या तळावर बाळंत झाली, तर नोंद कोणत्या गावात करायची, तिच्या की कारखान्याच्या? आणि उशिरानं नोंद करायला जावं तर २०२५ मध्ये राज्यानं त्याचे नियम आणखी कडक केले. खोट्या नोंदी अडवायला केले असतील, कारण मला कळतं. पण चाळणी बारीक केली की आधी अडकतो तो गरीब. ज्याच्याकडे शाळेचा दाखला नाही, दवाखान्याचा कागद नाही, फक्त सुईणीची आठवण आहे. तुम्ही म्हणता साखळी प्रामाणिक आहे, तिला जेवढं माहीत तेवढंच ती सांगते. मान्य. पण मग ज्याची वही कधी लिहिलीच गेली नाही, त्याच्याबद्दल ती साखळी काहीच सांगत नाही. आणि परदेशी अधिकाऱ्यापुढं काहीच नसणं म्हणजे संशयच.

खटपटी : म्हणून तर मला वाटतं की पुढची वाट संगणकातून जाते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मनोंदणीच्या कायद्यात दुरुस्ती लागू झाली. त्या दिवसानंतर जन्मलेल्या बाळाला शाळा, पासपोर्ट, आधार, सगळ्याला एकच जन्मदाखला. १ जून लिहायला कुणी भाऊसाहेब उरणारच नाही. दाखल्यावर क्यूआर कोड असतो, फोन धरला की मूळ नोंद समोर. पदव्या डिजिलॉकरमध्ये येतायत. परराष्ट्र मंत्रालयानं २०१७ मध्ये ई-सनद सुरू केलं. ज्या संस्थेनं आपल्या नोंदी तिथं चढवल्या, तिच्या कागदाची पडताळणी कागद न हलवता होते. कल्पना करा, राजूरचा पोरगा घरातून अर्ज करतो, विद्यापीठ तिकडून हो म्हणतं. एसटी नाही, मुक्काम नाही, तुमचा तो तिसरा दिवस नाही. अंतर मुळातूनच गेलं. आज तिथं सगळ्या संस्था नाहीत, हे मी लपवत नाही. पण स्वयंसाक्षांकनही असंच एका दिवशी आलं. सरकारनं एकदा मनावर घेतलं की होतं.

शंकेखोर : ज्या बाळांसाठी हे होतंय ती अजून अंगणवाडीत आहेत. व्हिसाला निघालेत ते १९९० नंतर जन्मलेले, आणि त्यांच्याकडे जाऊ पाहणारे आईबाप १९६०-७० चे. त्यांचे कागद संगणकात चढवायचे तर पुन्हा कुणीतरी ती जुनी वही उघडून वाचणार, आणि त्यात १ जून दिसला तर १ जूनच चढवणार. संगणकात गेल्यावर ती चूक आधीपेक्षा जास्त खरी दिसायला लागेल. आज निदान कागदावरचं अक्षर बघून माणूस म्हणतो, भाऊसाहेबांच्या हातचं आहे, त्यांना विचारू. उद्या कोणाला विचारणार? पण भाऊसाहेब, मला याहून मोठी गोष्ट सांगायचीय, आणि तुम्ही ती मनाला लावून घेऊ नका. तुम्ही मघाशी म्हणालात, पाच जणांचे कागद एकदम पाठवले. त्यांच्या झेरॉक्स कुणी तपासल्या? तुम्ही. अधिकारपत्रं कुणी लिहिली? तुम्ही. कोणत्या देशाला कोणता शिक्का, हे कुणी बसून वाचून काढलं? तुम्ही, आणि एक पैसाही न घेता. तुमचा स्वस्त रस्ता तुमच्या फुकटच्या मेहनतीवर उभा आहे. तुमचा वेळ त्या हिशेबात धरला तर तो रस्ता एजंटाइतकाच महाग होईल. एजंट पैसे घेऊन जे करतो तेच तुम्ही न घेता करता, फरक आहे तो तुमच्या नियतीचा. आणि चौदा तालुक्यांत तुम्ही एक. उद्या तुमचे गुडघे थकले, की ज्यांना तुम्ही एजंटाच्या दारातून परत आणलंत ते पुन्हा त्याच दारात जाणार.

खटपटी : याला माझ्याकडे लगेच उत्तर नाही. हा हिशेब मी कधी मांडलाच नव्हता. तुम्ही मांडलात तर वाटतं, की मी सरकारी दर पन्नास रुपये आहे असं सांगत फिरलो, तेव्हा मधली सगळी मेहनत मी गाळली. ती लपवायची म्हणून नाही. ती माझी होती, म्हणून मला ती खर्च वाटली नाही. पण मग तुमच्या म्हणण्याचं दुसरं टोकही बघा. जर मधली मेहनत खरीच लागते, तर ती करणाऱ्याला पैसे मिळणं यात पाप काय? पाप आहे ते न सांगता घेण्यात, आणि नको तो शिक्का विकण्यात. पंचायत समितीत एक टेबल असावं, तिथं पगारी माणूस बसावा, समोर फलक असावा, की या देशाला हा शिक्का, याची सरकारी फी इतकी, आमचं शुल्क इतकं, ही पावती. महिन्यातून दोनदा तिथून पिशवी मुंबईला जावी आणि परत यावी. शिक्क्याची खिडकी प्रत्येक जिल्ह्यात आणणं कदाचित होणार नाही, सह्यांचे नमुने ठेवायचे असतात, जबाबदारी असते. पण कागद नेणं-आणणं, विचारणं आणि सांगणं हे तालुक्यात आणता येतं. पासपोर्टची कामं नाही का पोस्टाच्या इमारतीत आली? त्याआधी नगरचा माणूस पुण्यालाच जात होता ना?

शंकेखोर : पासपोर्टचं आलं, कारण पासपोर्ट लाखो लोक काढतात. राजूर भागातून वर्षाला किती पोरं परदेशी जातात? त्या मोजक्या पोरांसाठी टेबल मांडायला कुणी तयार होणार नाही, आणि टेबल नाही म्हणून पोरं कमी जातात. शिवाय फलक लावला की सगळं सरळ होतं, असं मला वाटत नाही. नोटरीच्या दराचा फलक नियमात आहे, हे तुम्हीच सांगितलंत. तो वाचून दर विचारणारा माणूस तुम्ही किती पाहिलेत? गरजू माणूस फलक वाचत नाही, समोरच्याचा चेहरा वाचतो. व्हिसाची तारीख जवळ आलेली असते, सोनं गहाण पडलेलं असतं. त्याला स्वस्त नको असतं, त्याला चुकायचं नसतं. माझी भाची अडाणी नाही. तिनं हजारो रुपये दिले ते शिक्क्यासाठी नाही दिले. आता यात काही राहिलं नाही, असं कुणीतरी म्हणावं, म्हणून दिले. ते म्हणायला तिच्याकडे दुसरं कुणी नव्हतं. तुमच्या टेबलावरचा पगारी माणूस ते म्हणेल का? की म्हणेल, आमचं काम पिशवी पाठवण्याचं, पुढचं तुमचं तुम्ही बघा?

खटपटी : मंगळवारी राजूरकडून एक पोरगा येतोय. वेल्डर आहे, आयटीआय झालेला, कतारला निघालाय. फोनवर म्हणाला, एजंटानं कागदामागे इतके सांगितलेत, तुम्ही सांगा देऊ का नको. मी नेहमीसारखं म्हणणार होतो, की देऊ नको, ये, आपण करू. आधी कंपनीकडून लेखी मागव, की नेमका कोणत्या कागदावर कोणता शिक्का हवा. ते तर मी सांगेनच, त्याला पैसे लागत नाहीत. पण त्यापुढचं, तुमचं ऐकल्यावर, मला तितक्या ठामपणे सांगता येईल असं वाटत नाही.

शंकेखोर : त्याला आधी विचारा, रोज किती पडतो. आणि मुंबईला दोन दिवस गेला तर घरी म्हशींचं कोण बघतं. मग बसू आपण दोघं, कागद-पेन्सिल घेऊन. मी येते मंगळवारी, शाळा सुटली की. प्रमाणपत्र प्लास्टिकमध्ये आहे का, तेवढं आजच फोन करून विचारून ठेवा.